पाणीवाल्या मामांची पाटी

वाळूजच्या कारखान्यांत कॉम्प्रेसरजवळ उभी असलेली माणसे एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात. पाणीवाले मामा तिथेही तोंडाने बोलत. ओरडत नसत, रोजच्यासारखेच बोलत, आणि सगळ्यांना ऐकू जाई. फाटकावरचा वॉचमन त्यांची गाडी दिसण्याआधीच त्यांच्या आवाजाने खुर्चीतून उठे. बजाजनगरच्या त्यांच्या घरी फोन आला की कुठल्या कंपनीत कुठला पंप बिघडला ते समोरच्या बिल्डिंगलाही समजे. मामी खिडकी लावून घेत आणि म्हणत, "अहो, उगाच बिल कशाला वाढवता? फोन ठेवून बोला, तरी ऐकू जाईल त्यांना."

मामा गंगापूरकडच्या शेतकरी घरातले. आयटीआय करून फिटर झाले, बरीच वर्षे कारखान्यात काढली, मग स्वतःचा धंदा सुरू केला. कारखान्याचे सांडपाणी स्वच्छ करून तेच पुन्हा वापरता येईल अशी छोटी यंत्रणा ते बसवून देत. मी रसायनशास्त्रात बीएस्सी करून त्यांच्याकडे लागले. पाण्याचे नमुने तपासायचे, कोटेशन टाइप करायची, साइटवर त्यांच्याबरोबर जायचे, हे माझे काम. मामा हे नाव त्यांना कुणी दिले माहीत नाही. सगळी एमआयडीसी मामा म्हणत होती, म्हणून मीही म्हणू लागले.

शहराचे नाव तेव्हा औरंगाबादच होते. पाऊस लागोपाठ रुसला होता, जायकवाडीत पाणी तळाला गेले होते आणि कारखान्यांच्या पाण्यात कपात सुरू झाली होती. त्याच वेळी मुकुंदवाडीच्या पलीकडे, बीड बायपासला, जिथे बघावे तिथे नव्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीच्या दारात टँकर उभा होता. आमचा फोन दिवसभर वाजत असे. मामांना त्याचा आनंद कमी आणि संकोच जास्त. गाडी चालवता चालवता एकदा म्हणाले, "दुष्काळ पडला की आपला सीझन. लई वाईट जोड आहे ही, पोरी. काम तरी असं करू, की कुणाला तोंड चुकवायची पाळी येऊ नये."

गिऱ्हाइकाच्या केबिनमध्ये शिरताना त्यांचे एक वाक्य ठरलेले असे, "साहेब, आधी ऐकून घ्या, मग हाकलून द्या." खुर्ची ओढायच्या आधीच ते बोलायला लागत. समोरच्याने शंका काढली तर ती पुरी होण्याआधी उत्तर देत. कुणी आवाज चढवला तर मामांचा त्याहून वर चढे, पण रागाने नाही. बोलण्याचीच त्यांना मौज वाटे. मी कोपऱ्यात बसून लिहून घेत असे. सही होऊन बाहेर पडलो की गाडीपर्यंत ते तीच मुलाखत मला पुन्हा ऐकवत, दोघांचे आवाज काढून.

पाणी ते नाकाने ओळखत. माझ्या नमुन्यांचा निकाल संध्याकाळी यायचा, मामांचा तिथेच टाकीच्या काठावर लागायचा. प्लॅस्टिकच्या मग्यात पाणी घेत, डोळे मिटत. ओल्या मातीसारखा वास आला तर टाकी निरोगी. सडक्या अंड्यासारखा आला तर पाण्यातल्या जिवाणूंना हवा कमी पडतेय. "हं, ब्लोअर बंद ठेवलाय यांनी रात्रपाळीला," असे पुटपुटत आणि ऑपरेटरला हाक मारत. माझा निकाल त्यांच्याशी जुळला की माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद होई.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांचा आवाज बसला. धुळीने झाले असेल असे सगळ्यांना वाटले. त्या उन्हाळ्यात अर्धे शहरच खोकत होते. मामांनी गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळला, तंबाखू सोडली. आवाज सुटला नाही. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मामींना आत बोलावून सांगितले, की स्वरयंत्रात गाठ आहे, पसरलेली आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावे लागेल. जीव वाचेल. आवाज वाचणार नाही. श्वास यापुढे गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून चालेल.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मामा ऑफिसात आले. मला वाटले, कागदपत्रे आवरायला आले असतील. त्यांनी फोन पुढे ओढला आणि एकामागून एक सगळ्या गिऱ्हाइकांना लावत राहिले. त्या घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात प्रत्येकाला सांगितले, "उद्यापासून फोन माझी पोरगी उचलंल. तिला सगळं ठाऊक आहे. टाकीतली हवा बंद करू नका." आजाराचे कुणाला बोलले नाहीत. जेवायला उठले नाहीत. दिवस मावळताना शेवटचा फोन ठेवला, माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, "आता तू बोल काही. मी ऐकतो." मी उद्याच्या कामांची यादी वाचून दाखवली. मग मामी घ्यायला आल्या.

शस्त्रक्रिया नीट झाली. मामा घरी आले ते गळ्याला मलमलीचा पांढरा रुमाल बांधून. मामींनी तसे कितीतरी शिवून ठेवले होते, श्वासातून धूळ आत जाऊ नये म्हणून. डॉक्टरांनी गळ्याला टेकवून बोलायचे एक यंत्र दिले. त्यातून आवाज येई, पण एका सुराचा, यंत्राचा. मामांनी ते चार दिवस वापरले आणि कपाटात ठेवून दिले. मामींच्या वाणसामानाच्या यादीमागे लिहिले, "यात मी नाय."

आणखी एक गोष्ट कुणी त्यांना आधी नीट सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तर त्या गडबडीत त्यांच्या लक्षात राहिली नव्हती. श्वास नाकातून जात नाही, म्हणून वास येत नाही. हे त्यांना समजले ते पहिल्यांदा साइटवर गेलो तेव्हा. सवयीने मग्यात पाणी घेतले, डोळे मिटले, आणि तसेच उभे राहिले. पुष्कळ वेळ. मग मगा माझ्या हातात दिला. मी वास घेतला. म्हणाले, "मातीचा आहे, मामा." त्यांनी मान हलवली आणि पाठ फिरवून गाडीकडे चालू लागले.

सुरुवातीला ते फोनवर टाइप करून दाखवत. अक्षर लहान, समोरचा माणूस वाकून बघणार, तोवर विषय पुढे गेलेला. पहिल्याच मोठ्या मीटिंगला एका कारखान्याच्या मॅनेजरने जे केले ते मला अजून दिसते. मामा त्याच्या समोर बसले होते, मी बाजूला. तो सगळे माझ्याशी बोलला. "यांना विचारा, पाइप बदलावा लागेल का?" "यांना सांगा, बजेट कमी आहे." मधूनच मामांकडे वळून, बहिऱ्याशी बोलावे तसे ओरडून म्हणाला, "तब्येत बरी आहे ना आता?" मामा फोनवर टाइप करत होते. त्यांचे वाक्य पुरे झाले तेव्हा मॅनेजर फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलत होता.

गाडीत बसल्यावर त्यांनी चावी लावली नाही. फोनवर लिहून मला दाखवले, "मी बहिरा नाय. मी तिथं होतो." आणि जरा वेळाने, "नवीन यंत्र घ्यायचं."

आमचे ऑफिस क्रांती चौकाजवळ होते. तिथून जवळ संगणकाची दुकाने. त्या महिन्यात आम्ही तिघे, मामा, मामी आणि मी, त्या दुकानांच्या किती पायऱ्या चढलो उतरलो सांगता येणार नाही. त्या सुमारास टू-इन-वन नावाचा प्रकार नवा आला होता. एकच यंत्र, की-बोर्ड लावला की लॅपटॉप, काढला की टॅबलेट. दुकानदार उत्साहाने सांगे, "अंकल, प्रोसेसर देखो इसका. मेमरी देखो." मामा शांतपणे ऐकत आणि कागदावर लिहीत, "उन्हात दिसतं का?"

दुकानदाराने असा प्रश्न कधी ऐकला नव्हता. मामांनी यंत्र उचलले आणि थेट रस्त्यावर गेले. तो बिचारा मागे धावला. बाहेर ऑक्टोबरचे ऊन. पडद्यावर अक्षर एकही दिसेना. मामा, गळ्याचा रुमाल आणि मागचा सिग्नल, एवढेच आरशासारखे दिसत होते. क्षणभर त्यांनी स्वतःकडे बघितले आणि यंत्र परत दिले. आमच्या टाक्या सगळ्या उघड्यावर असतात. उन्हात न दिसणारे यंत्र त्यांच्या कामाचे नव्हते.

दुसऱ्या दुकानातल्या यंत्राला लिहायचे पेन होते, पण पेन पुढे जाई आणि रेघ जरा उशिराने उमटे. मामांनी तेच त्यावर लिहिले, "शब्द माझ्या मागून येतो. भांडणार कसा?" तिसरे यंत्र हस्ताक्षर ओळखून त्याचे छापील अक्षर करून देई. दुकानदाराला त्याचा फार अभिमान. मामांनी "नाय" लिहिले, यंत्राने "नाही" करून दाखवले. मामा हसले. आवाज नाही, खांदे तेवढे हलले. मग खाली लिहिले, "हे मला शाळेत घालतंय." ते बोलत तसेच लिहीत, आणि रागावले की अक्षर मोठे होई, दोन शब्द पानभर पसरत. छापील अक्षरात तो चढउतार नसे. तेही यंत्र गेले.

काहींचा पडदा सुटा होत नसे, मागे दुमडला जाई. एकसंध, मजबूत. मला तेच बरे वाटत होते, पडायची भीती कमी. मी तसे म्हटले. मामांनी नकारार्थी मान हलवली आणि लिहिले, "तोंड काढून समोरच्याच्या हातात देता आलं पाहिजे."

मामी म्हणाल्या, "अहो, मग घरी एक ठेवा आणि ऑफिसला एक घ्या. स्वस्तातले दोन येतील की."

"तोंड एकच असतं," मामांनी लिहिले. मामी दुसरीकडे बघू लागल्या.

शेवटी जे घेतले ते दिसायला साधे होते. पडदा काढला की हलका, उन्हात ब्राइटनेस वाढवला तर वाचता येणारा, पेन हाताबरोबर चालणारे. कोटेशन, नकाशे सगळे त्यातच. मामांची शेवटची अट बॅटरीची होती. दुकानदार म्हणाला, आठ तास चालते. मामांनी तिथेच स्टूल मागून घेतले. संध्याकाळपर्यंत त्यावर लिहीत, चित्रे काढत, दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारत बसले. निघताना लिहिले, "दुपारी चारला मी मुका होता कामा नये. चालंल हे. घ्या." त्या यंत्राला त्यांनी पहिल्या दिवसापासून पाटी म्हटले.

पाटीची खरी परीक्षा मुकुंदवाडीपलीकडच्या एका सोसायटीत झाली. नव्या इमारती, बोअर आटलेले, टँकर दोन दिवसांआड. बांधकाम करणारा हात झटकून मोकळा झाला होता. वापरलेले पाणी शुद्ध करून फ्लशला आणि झाडांना द्यायचे, असा आमचा प्रस्ताव होता. संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून सगळी सोसायटी जमली. लोक आधीच चिडलेले. सकाळीच टँकर चुकला होता. सेक्रेटरीने विषय काढताच गलका झाला. सगळ्यांत मोठा आवाज निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंचा.

"संडासाचं पाणी पुन्हा नळाला आणणार तुम्ही? आमच्या घरात देव आहेत, लहान मुलं आहेत! आणि हे गृहस्थ काही बोलत का नाहीत?"

मी उठले. काही सांगायला लागले, पण माझा आवाज त्या गलक्यात कुठे पोचणार? पूर्वीचे मामा असते तर दोन वाक्यांत पार्किंग शांत झाले असते. मी त्यांच्याकडे बघितले. ते पाटीवर लिहीत होते, सावकाश, मान खाली घालून. लिहून झाले तसे उठले, खुर्च्यांमधून वाट काढत थेट त्या बाईंपाशी गेले, पडदा त्यांच्या हातात दिला आणि नमस्कार केला. मग बोटाने खूण केली, मोठ्याने वाचा.

बाई गोंधळल्या. चष्मा लावला. वर्षानुवर्षे वर्गात वाचत आल्या होत्या, तशाच स्पष्ट, खणखणीत आवाजात वाचू लागल्या, "बाई, माझा आवाज ऑपरेशनमध्ये गेला. तुमचा चांगला आहे, म्हणून तुम्हाला तसदी देतो. तुमचं म्हणणं बरोबर आहे. हे पाणी देवाला नाय, पोरांना नाय, प्यायला तर बिलकुल नाय. त्याचा नळ वेगळा, पाइप वेगळा, रंग वेगळा. पण आज तुम्ही प्यायच्या पाण्यानं संडास धुता. ते टँकरचं पाणी कुणाच्या तरी विहिरीतून येतं. तिथंबी लोक राहतात." बाई थांबल्या. त्यांनी पुढची ओळ हळू वाचली, "तुम्हाला काय विचारायचं ते इथंच लिहा. मी जाणार नाय कुठं."

बाईंनी पेन घेतले. प्रश्न लिहिला. मामांनी त्याखाली उत्तर लिहिले, बाईंनी तेही वाचून दाखवले. मग दुसऱ्याने पेन मागितले. एका आजोबांनी टाकी कुठे येईल ते चित्र काढून विचारले, मामांनी त्याच चित्रावर पाइप काढून दाखवले. अंधार पडू लागला तसे लोक खुर्च्या ओढत पडद्याभोवती गोळा झाले. निघताना बाई मामांना म्हणाल्या, "तुम्ही आधी बोलत होतात तेव्हा कसे होतात हो?"

मामांनी माझ्याकडे बोट दाखवले. मी म्हटले, "कुणाला बोलू देत नसत."

त्या सोसायटीचे काम मिळाले, आणि पुढे तशी बरीच मिळाली. सगळ्यांत जास्त विरोध करणाऱ्याच्या हातात पाटी द्यायची, ही मामांची रीत झाली. माझ्यासाठी मात्र त्यांच्यातला दुसराच बदल मोठा होता. ऑपरेटर, वॉचमन, सफाईवाल्या बाया त्यांच्यापाशी येऊन बसत आणि मनातले सांगत. मामा मध्ये बोलू शकत नव्हते, म्हणून माणूस शेवटपर्यंत बोले. एकदा एक ऑपरेटर आपल्या आजारी आईबद्दल बराच वेळ बोलून गेला. तो गेल्यावर मामांनी पाटीवर लिहिले, "सहा वर्षं ओळखतो याला. आज भेटला." मी वाचेपर्यंत मामा थांबले आणि मग ते पुसून टाकले.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. धरण भरले आणि आमचा फोन वाजायचा थांबला. मामा खूष होते. खिडकीत उभे राहून पावसाकडे बघत आणि धंदा बुडाल्याची खूण हाताने करून दाखवत. त्याच दिवसांत खोकला वाढला. गाठ फुप्फुसात गेली होती. डॉक्टरांनी या वेळी मामांनाच समोर बसवून सांगितले. मामांनी पाटीवर एकच प्रश्न विचारला, किती काम हाती घेऊ? डॉक्टर म्हणाले, नवीन घेऊ नका.

त्यांनी हातातली कामे पुरी केली. शेवटच्या साइटवर मीच गेले, एकटी, आणि परत येऊन त्यांना सगळे सांगितले. कोण काय म्हणाले, कोण चिडले, मी काय उत्तर दिले. मामा पडून ऐकत होते. मध्येच मला थांबवून, अमुक माणसाचा आवाज कसा होता ते काढून दाखव, अशी खूण केली. मला नकला येत नाहीत. तरी केली. मामी दारात उभ्या राहून हसल्या.

मग पेन धरवेना. मी पडदा त्यांच्यासमोर धरत असे, त्यांचा हात वर येई आणि निसटे. बोटाने लिहून बघितले, तेही जमले नाही. एके दुपारी त्यांनी पडदा तळहाताने हळूच बाजूला सारला आणि ओठांनी बोलू लागले. मामींना त्यांचे ओठ वाचता येत, पण त्या दिवशी ओठ सुकलेले होते, नीट हलत नव्हते. त्यांना काहीतरी सांगायचे होते. छोटेसे असावे, तीन-चार शब्दांचे. ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते.

"पाणी हवंय?" मामींनी विचारले. मान हलली, नाही. "पंखा? कूस बदलायची? पोरीला काही सांगायचंय? माझ्यासाठी काही? गावाकडचं काही?" प्रत्येकाला नाही. मी विचारले, मामी विचारत राहिल्या, कितीतरी वेळ आम्ही दोघी वेड्यासारख्या शब्द शोधत होतो. शेवटी मामांनी मामींचा हात धरला, माझ्याकडे बघितले आणि हसले. खांदे तेवढे हलले. राहू दे, अशी हाताने खूण केली. त्यानंतर ते झोपले. दोन दिवसांनी गेले.

मी आता तोच धंदा बघते. शहर त्या सोसायटीच्याही कितीतरी पुढे गेले आहे. महिन्यातून एकदा बजाजनगरला मामींकडे जाते. परवा गेले होते तेव्हा त्या चहा गाळत होत्या. मध्येच गाळणी तशीच धरून थांबल्या.

"त्या दुपारी खिडकी उघड म्हणत असतील का गं ते? मी लावून घेतली होती."

मी म्हटले, "असेल, मामी."

त्यांनी थोडा विचार केला. "नाही," म्हणाल्या, "खिडकी नसेल." आणि उरलेला चहा गाळला.